हवेची मूठ

आंब्याच्या लाकडाचा तो वाडगा लेथवर उलटा लागला होता. तोंड मशीनकडे, बूड आमच्याकडे. त्याला स्क्रू नव्हता, शिकंजा नव्हता, मागून टेकवलेलं टोकही नव्हतं. आतल्या बाजूला प्लास्टिकच्या जाड पाइपचा एक तुकडा टेकला होता आणि पाइपच्या कडेला योगासनांच्या मॅटची पट्टी चिकटवलेली होती. एवढंच. काकांनी मला वाडगा ओढून काढायला सांगितला. मी ओढला. दोन्ही हातांनी, एक पाय मशीनच्या चौकटीला लावून ओढला. तो जागचा हलला नाही. मग त्यांनी नळीवरचा पितळी कॉक फिरवला, फुस्स आवाज आला आणि वाडगा पाडाच्या आंब्यासारखा अलगद माझ्या हातात उतरला.

‘पोकळी’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात आधी रिकामी घरं आली, कोकणातल्या कुलूप लागलेल्या वाड्या आल्या. मग एका मैत्रिणीशी बोलताना ती म्हणाली, तिचे काका निवृत्तीनंतर लाकूड कातायला लागलेत आणि त्यांनी गॅरेजमध्ये पोकळी कामाला लावली आहे. ‘कामाला लावली आहे’ हे शब्द मनात रुतून बसले. त्यानंतर मी पुण्यातल्या त्या गॅरेजमध्ये तीनदा गेले, आणि एकदा सावंतवाडीला.

काका सत्तरी ओलांडलेले. उभं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं, लोखंडाच्या शतांश मिलिमीटरशी झगडण्यात. लाकूड त्यांना घाबरवतं, असं ते म्हणतात. “लोखंड आज जेवढं आहे तेवढंच उद्या असतं. लाकूड रात्रीत बदलतं.”

बुडाचा प्रश्न

लाकूड कातणाऱ्याला दोन गोष्टींची चिंता असते. पटाशीची धार आणि लाकडाची पकड. धार एकदा लावता आली की आली. पकड मात्र दर वस्तूगणिक नव्याने शोधावी लागते. लाटणं, रवीचा दांडा, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे खांब यांचं सोपं आहे. दोन्ही टोकं दोन बाजूंनी धरायची आणि मधलं अंग कातायचं. वाडग्याला तसं जमत नाही. आतून पोखरायचं तर एक बाजू मोकळी हवी, म्हणजे सगळी पकड बुडावर आली. बुडात स्क्रू मारा, नाहीतर बुडाला गोल उंचवटा ठेवून तो लेथच्या शिकंज्याच्या, म्हणजे चकच्या, जबड्यांत द्या. वाडगा आतून-बाहेरून देखणा होतो आणि शेवटी उरतं ते बूड, भोकं पडलेलं, जबड्यांनी चेपलेलं. ते आता कसं कातायचं? ज्याच्या आधाराने सगळं केलं, तोच आधार कापायचा असतो.

म्हणून काका कुठलीही कातलेली वस्तू हातात घेतली की आधी उलटी करतात. मलाही ती सवय लागली. मोठमोठ्या दुकानांतले लाकडी वाडगे उलटे करून पाहा. बहुतेकांच्या बुडाला फेल्टचा तुकडा चिकटवलेला असतो, आणि त्याच्याखाली त्या प्रश्नाचं न सोडवलेलं उत्तर असतं.

हा प्रश्न नवा नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, भातुकली आणि खेळणी विकणारी दुकानं आहेत. तिथून पुढे एका घराच्या पडवीत ज्यांचं काम पाहत मी दोन दिवस बसले, ते कातारी लाकडाचा ठोकळा हातोडीने ठोकून फिरत्या पोकळ नळकांड्यात घट्ट बसवतात. आता मोटर आहे. त्यांच्या आजोबांच्या वेळी एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. ठोकळ्याचा पेरू होतो, फिरत्या पेरूवर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगभर पसरते, मग केवड्याच्या पानाने घासलं की चकाकी येते. सगळं झालं की बारीक पटाशीने पेरू उरलेल्या लाकडापासून कापून वेगळा करायचा. कापल्याची खूण राहतेच. ती कुठे जाते? माझ्या या प्रश्नावर त्यांनी पेरू फिरवून दाखवला. खूण देठाच्या जागी होती, आणि तिथे एक बारीक देठ बसवला की ती खूण उरतच नव्हती.

फळाला देठ असतो. वाडग्याला नसतो. तिथे हवेची पकड, म्हणजे हवेचा चक, उपयोगी पडते.

ओढत कोणीच नाही

“पंप वाडग्याला ओढून धरतो,” असं मी पहिल्या भेटीत वहीत लिहिलं. काकांनी ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ‘ओढून’ या शब्दावर काट मारली. “पोकळीला हात नसतात. ती कशालाही ओढत नाही. पंप फक्त आतली हवा बाहेर काढतो. वाडगा दाबून धरते ती बाहेरची हवा.”

समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून किंचित जास्त असतो. आपल्या तळहातावर अशी शंभरेक किलोंची हवा सतत उभी असते. ती हाताच्या दोन्ही बाजूंनी आणि आतूनही सारखीच दाबत असल्यामुळे कळत नाही. एका बाजूची काढून घेतली की दुसऱ्या बाजूची तिचं खरं वजन दाखवते. काकांच्या पाइपचं तोंड आतून बारा सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर. गेजवर पाऱ्याचे ५०० मिलिमीटर एवढी पोकळी दिसत होती. गुणाकार केला की साधारण ७७ किलो येतात. मी पाय लावून ओढत होते तेव्हा एक पूर्ण वाढलेला माणूस वाडग्यावर बाहेरून रेलून उभा होता, असं म्हणायला हरकत नाही.

हेच गणित दुसऱ्या बाजूने धोक्याचं होतं. पाइप वीस सेंटिमीटरचा घेतला तर त्याच पोकळीला दोनशे किलोंच्या वर जोर येतो, आणि वाडग्याची जाडी जर तीन-चार मिलिमीटर असेल तर तो फिरता फिरता आत फुटतो. म्हणून नळीवर तो पितळी कॉक. थोडी हवा मुद्दाम आत येऊ द्यायची आणि गेजचा काटा खाली आणायचा. पातळ वाडग्याला कमी पोकळी, जाडाला जास्त. शिवाय हा सगळा जोर वाडग्याला मागे दाबतो, बाजूला सरकू न देण्याचं काम एकटं घर्षण करतं. पटाशी एकदा अडकली, तर सत्त्याहत्तर किलोंचा भरवसा उरत नाही. काका शेवटचा हात हलका ठेवतात, आणि जमेल तोवर मागचं टोक बुडाच्या मध्याला टेकवून ठेवतात.

गेजवर आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. काकांनी सगळी छिद्रं बंद करून पंप चालवला. काटा ७१०च्या आसपास जाऊन थांबला. पुस्तकात तर ७६० असतात. पंप कमजोर आहे का? नाही. पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तेवढी हवा इथे मुळातच कमी. सावंतवाडीत हाच काटा साडेसातशेला टेकेल, महाबळेश्वरला साडेसहाशेच्या घरात अडेल. पकड पंपाची असती तर गाव बदलल्याने तिला फरक पडला नसता.

सतराव्या शतकात जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात ऑटो फॉन गेरिके नावाचा एक गृहस्थ होता, शहराचा महापौर. त्याचा तांब्याच्या दोन अर्धगोलांचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. आतली हवा काढली आणि १६५७ मध्ये एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ असे घोडे जुंपले, तरी गोल उघडेना. शाळेत सांगितलं जात नाही ते त्याच्या आधीचं. गेरिकेने पहिली पोकळी लाकडात करायचा प्रयत्न केला होता. पाण्याने भरलेलं एक पिंप घेतलं, ते गच्च बंद केलं आणि पंपाने पाणी उपसायला लागला. पाणी निघत गेलं तशी पिंपातून सूं-सूं हवा आत शिरायला लागली, लाकडातून. मग त्याने ते पिंप दुसऱ्या मोठ्या पाणी भरलेल्या पिंपात ठेवलं. तेव्हा पाणी झिरपून आत आलं. शेवटी तो तांब्याच्या गोलाकडे वळला, आणि पहिला गोल हवेच्या दाबाने मोठा आवाज करून चेपला.

लाकूड गळतं, हा शोध त्याला नकोसा होता. काकांना तो रोज लागतो. आंबा, पांगारा, सावर असल्या मऊ, सच्छिद्र लाकडाचा वाडगा चकवर लावला की भिंतींतूनच हवा आत येते आणि काटा ३००च्या पुढे सरकत नाही. मग आतून शेलॅकचे एक-दोन हात द्यायचे, म्हणजे छिद्रं बुजतात. शेलॅक म्हणजे लाखच. सावंतवाडीत ती रंग आणि चकाकी देते, इथे श्वास कोंडते.

पंप कुठून आणायचा

काकांचा पहिला पंप जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रिजचा कंप्रेसर होता. त्याच्या एका नळीतून हवा बाहेर पडते, दुसरीतून आत ओढली जाते. त्या दुसऱ्या नळीला गेज लावलं की हळूहळू का होईना, चांगली खोल पोकळी मिळते. पण वाडग्याच्या कामात तो हरला. कारण तो मिनिटाला फार थोडी हवा काढतो, आणि लाकूड त्याच्यापेक्षा वेगाने गळतं.

पंप निवडताना नेमका इथे गोंधळ होतो. पोकळी किती खोल आणि हवा किती वेगाने, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चकला वेग लागतो. लाकूड गळणारच आहे, तेव्हा जेवढी आत येईल तेवढी हवा सतत बाहेर फेकणारा पंप हवा, मग पोकळी पाऊण भरली तरी चालते. त्यासाठी काकांकडे आता तेल न लागणारा, पात्यांचा पंप आहे. त्याच्या आत एक गोल डबी आणि डबीत मध्य सोडून बसवलेला फिरता दंडगोल असतो. दंडगोलाच्या खाचांमधली पाती फिरताना बाहेर सरकतात, एका बाजूला हवा कोंडतात आणि दुसऱ्या बाजूला पिळून बाहेर टाकतात. याच जातीचे पंप आपल्या गोठ्यांमध्ये आहेत. दूध काढायची मशीन साधारण ३०० ते ३७५ मिलिमीटर पोकळीवर चालतात, कारण गाईच्या सडाला त्याहून जास्त सोसत नाही. कोल्हापूरकडच्या एखाद्या गोठ्यातला माणूस काकांच्या गॅरेजमध्ये आला तर अर्धी यंत्रणा त्याला ओळखीची वाटेल.

फिरत्या वाडग्यातून हवा बाहेर काढायची, पण नळी तर फिरता कामा नये. लेथचा दांडा पोकळ असतो. त्याच्या मागच्या टोकाला काकांनी दोन बंद बेअरिंगांमध्ये एक पितळी नळी बसवली आहे. दांडा फिरतो, नळी थांबलेली राहते. बाजारात हा भाग तयार मिळतो, पण टूलरूममधल्या माणसाने तो विकत का घ्यावा? तो त्यांनी तीनदा बनवला, आणि तिसऱ्यांदा बनवलेला मला दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते वाडगा दाखवताना नव्हतं.

माझ्या दुसऱ्या भेटीत वीज गेली. मी वाडग्याकडे पाहिलं. लेथ अजून आपल्या वेगाने फिरत होतं आणि पंप बंद पडला होता. वाडगा सुटून उडायला हवा होता. तो सुटला नाही. पंप आणि लेथ यांच्यामध्ये काकांनी जुन्या कंप्रेसरची एक टाकी जोडली आहे आणि तिच्या पंपाकडच्या बाजूला एकाच दिशेने उघडणारी झडप. टाकीतली पोकळी मिनिटभर पुरते, तेवढ्यात लेथ थांबतं. “ही टाकी आधी नव्हती,” काका म्हणाले, आणि समोरच्या भिंतीवरच्या प्लास्टरमधला एक अर्धचंद्राकार खड्डा दाखवला.

ऐंशी टक्के रिकामं

पोकळीचं दुसरं काम वेगळंच आहे, आणि मला जास्त गुंतवून ठेवणारं. त्याला लाकूड कातणारे लाकूड ‘स्टॅबिलाइझ’ करणं म्हणतात. आपण लाकूड पक्कं करणं म्हणू.

लाकडाच्या पेशींची भिंत ज्या पदार्थाची असते त्याची घनता जवळपास सगळ्या झाडांमध्ये सारखीच, पाण्याच्या दीडपट. म्हणजे भरीव लाकूड कुठलंही असो, पाण्यात बुडायला हवं. ते तरंगतं, कारण ते बहुतांशी रिकामं असतं. पांगाऱ्याचं सुकं लाकूड पाण्याच्या जेमतेम तीन दशांश भरतं, तेव्हा त्याचा ऐंशी टक्के भाग पोकळी. आंब्याचा साठ टक्क्यांच्या आसपास. शिसवीसारखं जड लाकूडही निम्मं रिकामंच असतं. सावंतवाडीत खेळण्यांसाठी पूर्वी पांगारा वापरायचे, तो हलका आणि मऊ म्हणूनच. म्हणजे भातुकलीत मुलं जो आंबा हातात धरायची, त्यात लाकडापेक्षा हवा जास्त होती.

आता एखादं आंब्याचं खोड पावसात दोन वर्षं पडून राहिलं तर त्यात बुरशी शिरते. वेगवेगळ्या बुरशी आपापल्या हद्दी आखतात, आणि त्या हद्दींच्या काळ्या रेघा लाकडात उमटतात. नकाशासारख्या, कधी डोंगरांच्या ओळींसारख्या. रंगाऱ्याला जमणार नाही अशी ती नक्षी असते. पण बुरशीने पेशींच्या भिंती खाल्लेल्या असतात, नखाने टोचलं तर नख आत जातं. पटाशी लावली की ते कातलं जात नाही, कुस्करतं. असं लाकूड आपल्याकडे बंबात जातं.

ते पक्कं करायचं म्हणजे त्या रिकाम्या जागांमध्ये पाण्यासारखं पातळ रेझिन भरायचं आणि उष्णता देऊन आतल्या आत घट्ट करायचं. सुरुवात भट्टीपासून होते. कोकणातल्या पावसाळ्यात लाकडात पंधरा-वीस टक्के पाणी असतं. काका ठोकळे १०५ अंशांवर चोवीस तास आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवतात, मग बंद पिशवीत थंड करतात, कारण उघडं ठेवलं तर ते काही तासांत हवेतलं पाणी परत पितं. एवढी दक्षता का, ते मला एसी दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने समजावलं. तोही गॅस भरण्याआधी पाइपांवर व्हॅक्युम पंप लावून बसतो, कारण पोकळीत पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. त्याला पाणी घालवायचं असतं म्हणून ते सोयीचं. काकांच्या भांड्यात ओलं लाकूड गेलं तर तेच पाणी तासन्तास उकळत राहतं, बुडबुडे थांबतच नाहीत, आणि वाफ पंपात जाऊन त्याचं तेल ताकासारखं पांढरं होतं. या कामाचा पंप चकच्या पंपापेक्षा वेगळा. तेलातला, संथ, पण जवळजवळ शेवटच्या मिलिमीटरपर्यंत जाणारा.

भांडं जाड स्टीलचं, झाकण पाऊण इंचाहून जाड अॅक्रिलिकचं. पंचवीस सेंटिमीटरच्या त्या झाकणावर पूर्ण पोकळीत पावणेपाचशे किलो हवा बसते. म्हणून काचेच्या बरण्या यासाठी कुणी वापरू नयेत. प्रेशर कुकर आतून बाहेर येणारा दाब सोसायला बनवलेला असतो, बाहेरून आत येणारा नव्हे. ठोकळे भांड्यात ठेवायचे, तरंगू नयेत म्हणून वर वजन, बुडून वर चार बोटं राहील इतकं रेझिन. कॉक हळूहळू बंद करायचा, नाहीतर दुधासारखा फेस उतू जातो आणि थेट पंपात शिरतो.

मग पाहत बसायचं. मी पाहत बसले. ठोकळ्याच्या टोकांतून, जिथे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, तिथून बुडबुड्यांच्या माळा सुटत होत्या. बाजूंच्या अंगांतून जवळजवळ काहीच नाही. मुळांकडून पानांकडे ज्या वाटेने पाणी चढायचं त्याच वाटेने आता हवा बाहेर पडत होती. पहिला तास ती धो-धो आली, मग बारीक झाली, मग एखाद-दुसरा बुडबुडा. संध्याकाळी पाचला काकांनी पंप बंद करून हवेचा कॉक उघडला.

माझी समजूत होती की पंप चालू असताना रेझिन लाकडात शिरतं. तेव्हा फक्त हवा बाहेर येत असते. रेझिन शिरतं ते आत्ता, कॉक उघडल्यावर. बाहेरची हवा भांड्यात घुसते, रेझिनच्या पृष्ठभागावर बसते आणि त्याला ढकलत रिकाम्या नळ्यांमध्ये कोंबते. भांड्यातली पातळी माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली उतरली. माझ्या वहीत ‘ओढून’वर मारलेली काट मला तेव्हा पूर्ण कळली. लाकूड रात्रभर तसंच ठेवायचं. घाईने बाहेर काढलं तर गाभा कोरडा राहतो.

हे रेझिनही खास असावं लागतं. टर्पेंटाइन किंवा थिनरमध्ये विरघळलेलं व्हार्निश चालत नाही, कारण पोकळीत थिनर उडून जातं आणि मागे पोकळ जागा तशाच राहतात. नेहमीचा इपॉक्सी मधासारखा दाट, आणि आत पोहोचण्याआधीच तो आळायला लागतो. यासाठी मेथॅक्रिलेटच्या कुळातली रेझिन येतात. ती पातळ असतात आणि उष्णता मिळेपर्यंत वाट पाहतात. दुसऱ्या दिवशी ठोकळे निथळून, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ९० ते ९५ अंशांना भट्टीत जातात. ती भट्टी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही, हे काकांनी तिच्या दारावर रंगाने लिहून ठेवलं आहे. बुरशीने खाल्लेला आंबा बाहेर येतो तेव्हा त्याचं वजन जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. नख आता त्यावर घसरतं.

सागाला आणि शिसवीला हे मानवत नाही. त्यांच्या गाभ्यातल्या नळ्या निसर्गानेच बुजवलेल्या असतात, आणि त्यांचं तेल रेझिनला आळू देत नाही. माझ्या मते तेच बरं आहे. ज्या लाकडाने स्वतःची काळजी घेतली आहे त्याला प्लास्टिकची गरज नाही.

रुळांखालचं लाकूड

ही युक्ती हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये जन्मली नाही. आधी पोकळी करून लाकडातली हवा काढायची, मग द्रव भरायचा, ही रीत जॉन बेथेल या इंग्रजाने १८३८ मध्ये पेटंट केली, आणि तिच्यावर जगभरच्या रेल्वे उभ्या राहिल्या. रुळांखालचे लाकडी स्लीपर ट्रॉलीवर रचून लांबलचक लोखंडी नळकांड्यात ढकलायचे, दार बंद, हवा बाहेर, मग क्रिओसोट आत आणि वरून पंपाने आणखी दाब. जुन्या रेल्वे स्टेशनवर उन्हात जो डांबरट वास यायचा, तो या नळकांड्यांतून आलेला होता.

यात एक पान आपलंही आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम नावाचे अभियंते होते. १९३३ मध्ये त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक मिश्रण शोधून काढलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात असं बांधून ठेवतं की पाऊस ते धुऊन नेऊ शकत नाही. १९३८ मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. पुढे कितीतरी दशकं अमेरिकेतल्या घरांचे ओटे, कुंपणं, विजेचे खांब या मिश्रणाने टिकले. आर्सेनिकच्या धास्तीने २००४पासून तिथे घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं, पण तोवर जगात लाकूड टिकवण्याचा बहुधा सर्वांत मोठा व्यवहार एका भारतीय अभियंत्याच्या सूत्रावर चालला होता.

पंप नव्हते तेव्हाही लोक लाकडात काहीतरी मुरवतच होते. आपल्या किनाऱ्यावर होड्यांना माशाचं तेल आणि काजूच्या टरफलांचं तेल दिलं जायचं, दर वर्षी, कारण ते वरवरच मुरायचं. आणि जिथे घाई करून चालणार नव्हतं तिथे लोकांनी वाट पाहिली आहे. १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडनचं जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा त्याच्या लाकडातलं पाणी निघून ते आक्रसू नये म्हणून त्यावर मेणासारख्या एका रसायनाचं पाणी सतरा वर्षं फवारत होते. त्या रसायनाचे रेणू पेशींच्या भिंतींतही शिरतात. काकांचं रेझिन मुख्यतः पोकळ्या भरतं, भिंती फारशा नाहीत. म्हणून पक्कं केलेलं लाकूडही पाण्यात पडून राहिलं तर थोडं फुगतं. विकणारे ‘पूर्ण वॉटरप्रूफ’ म्हणतात ते खरं नाही.

पडवीत

सावंतवाडीला जाताना काकांनी मला पक्क्या केलेल्या आंब्याचा एक ठोकळा दिला होता, काळ्या रेघांचा. तो मी कातारींच्या हातात ठेवला, आणि त्याआधी मोबाइलवर हवेच्या चकचं चित्रीकरण दाखवलं. ते त्यांनी दोनदा पाहिलं.

“वारो धरता?” ते म्हणाले. “वारो हाताक तरी गावता काय?”

मग त्यांनी ठोकळा हातात तोलला, वास घेतला, अंगठ्याच्या नखाने दाबला. आंबा आहे हे त्यांनी रेघांमधून ओळखलं, आणि हा कुजलेला आंबा होता हेही. कुजलेलं लाकूड इतकं जड का, हे मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मला या लाकडाबद्दल काय वाटतं ते मी प्रवासभर ठरवत होते. जे बंबात जाणार होतं ते वाचलं, आणि बुरशीची ती नक्षी कुणाच्या तरी सुरीच्या मुठीवर, पेनावर वर्षानुवर्षं राहील, याचा मला आनंद आहे. पण ते आता निम्मं लाकूड आणि निम्मं प्लास्टिक आहे. विकताना ते तसं सांगितलं पाहिजे. जेवणाच्या भांड्याला ते वापरू नये, आणि लहान मूल तोंडात घालेल अशा खेळण्याला तर नाहीच. आणि चांगलं, निरोगी लाकूड नुसत्या झगमगीसाठी रंगीत रेझिनमध्ये बुडवणं मला पटत नाही.

कातारींनी ठोकळा नळकांड्यात ठोकून बसवला. सवयीने बाजूच्या डब्यातली लाखेची लाल कांडी जवळ ओढली, आणि परत डब्यात ठेवली.

“ह्येका रंग कित्याक होयो? ह्येचो ह्येकाच आसा.”

मोटर सुरू झाली. पटाशी लागल्यावर पांगाऱ्याच्या कामात सुटतात तशा लांब, कुरळ्या साली निघाल्या नाहीत. आखूड कपच्या आणि पांढुरकी पूड उडायला लागली. वासही वेगळा होता, किंचित औषधी. त्यांनी गळ्यातला पंचा नाकाला बांधला. अर्ध्या तासात एक छोटा करंडा तयार झाला, कुंकवाला शोभेल असा, आणि त्याच्या अंगावर डोंगरांच्या तीन रांगा.

त्यांची सून रोजच्याप्रमाणे सुपलीने खालचा भुसा भरायला आली. पडवीतला भुसा संध्याकाळी अंघोळीच्या पाण्याखाली जातो. कातारींनी हात आडवा धरला.

“ह्यो भुसो चुलीत घालू नको गे.”

तिने विचारलं नाही का ते. एक जुनी सिमेंटची पिशवी आणली, त्या पांढुरक्या कपच्या तिच्यात भरल्या, तोंड सुतळीने बांधलं आणि पिशवी लाकडांच्या ढिगापासून लांब, भिंतीला टेकवून ठेवली.